चौथी ओळ

दगड धुता धुता बोसिल्काला स्वतःचं नाव सापडलं. वरून पाणी सोडत ती खाली येत होती. आधी लायोश झेंताई, १९३४ ते २००९. मग पिरोश्का झेंताई, १९३८ आणि पुढे नुसती आडवी रेघ. त्याखाली गेल्या महिन्यापर्यंत कोरा दगड होता आणि तिथे ती दर वेळी ब्रशचे दोन हात मारून मोकळी व्हायची. आज तिथेच ब्रश खाचेत अडकला. चिखल असेल म्हणून तिने अंगठ्याने पुसलं, तर अंगठ्याखालून सोनेरी अक्षरं निघाली. बोसिल्का ओपाचिच. १९६६. आडवी रेघ. रेघेपुढे वीतभर मोकळी, गुळगुळीत जागा. तिने ते तीनदा वाचलं. या शहरात दुसरी कोणी बोसिल्का ओपाचिच असेल, असंही एकदा मनाला सांगून पाहिलं. पण नावाच्या डावीकडे चिनीमातीच्या लंबगोल चकतीवर तिचाच चेहरा होता, निळ्या ब्लाउजमधला, जरा हसणारा. ब्रशमधलं व्हिनेगरचं पाणी बाहीतून कोपरापर्यंत गेलं तरी तिला हात खाली घ्यायचं सुचलं नाही. मग तिने एकदम आजूबाजूला पाहिलं. दोन रांगा पलीकडे बायका शेवंतीच्या कुंड्या मांडत होत्या, त्यांच्यातली एक फरशीवर सांडलेल्या मेणावर करवादत होती. कोणाचं लक्ष नव्हतं. तरी बोसिल्काने हातातलं फडकं आपल्या चेहऱ्यावर टाकलं आणि ती तशीच उकिडवी बसून राहिली. आपण घाबरलो आहोत की आपल्याला संताप आला आहे, हे तिला कळेना.

फोटो तिनेच दिला होता. जून महिन्यात पिरोश्का-नेनी म्हणाली होती, मला तुझा एक चांगलासा फोटो आण, रविवारी तू येत नाहीस तेव्हा बघायला काही नको का? चौथ्या मजल्यावरच्या त्या म्हातारीला अख्खी इमारत नेनी म्हणते, हंगेरियनमध्ये मावशी. बोसिल्काला तेव्हा इतकं भरून आलं होतं की बसमध्ये तिने दोनदा डोळे पुसले. नऊ वर्षं ती नेनीच्या पायांची, औषधांची, शौचाची आणि सूपची काळजी घेत होती, पण तिचा चेहरा कोणाला बघावासा वाटेल हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. धड फोटो एकच होता, पुतणीच्या लग्नातला. त्यातून भाऊ आणि भावजय तिने कात्रीने कापून काढली आणि उरलेली स्वतः नेनीला नेऊन दिली. नेनीने चष्मा लावून तो खिडकीशी धरला आणि म्हणाली, हा चालेल. हा चालेल म्हणजे कशाला चालेल, हे विचारायला हवं होतं.

तसं पाहिलं तर नवल काहीच नव्हतं. या शहरात नवरा गेला की त्याच्या नावाखाली बायकोचंही नाव कोरून ठेवतात, जन्मसाल आणि रेघ. उरलेलं साल ज्याचं त्याने आणायचं. नेनीचं नाव चौदा वर्षं तिथे होतं. तीन वर्षांपूर्वी जिने उतरणं बंद झालं, तेव्हापासून बोसिल्का दर महिन्याला दगड धुऊन आली की नेनी विचारायची, कशी दिसते मी? आणि बोसिल्का म्हणायची, लायोशकाकांपेक्षा तजेलदार. हा त्यांचा ठरलेला विनोद होता. ऑक्टोबरच्या शेवटी तर सगळं शहरच दगड धुवायला निघतं, कॅथलिक आधी आणि आपण ऑर्थोडॉक्स आपल्या दिवशी, आणि बादली घेऊन हिंडणाऱ्या बायकांमध्ये कोण कोणाची हे कोणी विचारत नाही. पण ते सगळं दुसऱ्यांच्या नावांपुरतं होतं. आपलं नाव दुसऱ्याने कोरायचं, आपल्याला न विचारता, आणि आपण ते फडक्याने पुसून काढायचं! तिने फडकं उचललं. चेहरा अजून हसतच होता. त्याच्या खाली, दगडाच्या अगदी बुडाशी, पांढऱ्या खडूने आखलेल्या दोन समांतर रेषा होत्या आणि त्यांच्यामध्ये काहीच नव्हतं.

फाटकाजवळ ओंद्रेय या स्लोव्हाक पाथरवटाची शेड होती. बोसिल्का बादलीसकट आत शिरली. त्याने मशीन बंद केलं, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि तिच्याकडे नीट पाहून म्हणाला, "फोटोपेक्षा बऱ्या दिसता की तुम्ही." बोसिल्काने विचारलं, हे करायला तुम्हाला कोणी सांगितलं? त्यात लपवण्यासारखं काही आहे असं ओंद्रेयला वाटत नव्हतं. नेनीचा फोन आला होता, तो स्वतः चार मजले चढून फोटो घेऊन आला होता आणि त्याचे गुडघे अजून त्याची आठवण काढत होते. कोण ही, असं त्याने विचारलं तेव्हा नेनी म्हणाली होती, घरातली. त्यापुढे पाथरवटाने काय विचारायचं? बोसिल्का म्हणाली, बुधवारच्या आत काढून टाका. बुधवारी सर्व संतांचा दिवस होता, कॅथलिकांचा कबरींवर फुलं वाहायचा, आणि त्या दिवशी नेनीची मुलगी ऑस्ट्रियातल्या ग्राझहून यायची.

"काढून टाका म्हणजे काय, खडूने लिहिलंय का?" ओंद्रेय म्हणाला. "अख्खी पाटी घासावी लागेल, लायोशकाकांसकट. आणि खरं सांगू? मेलेल्याचं नाव मी दोनदा घासलंय, घरच्यांची भांडणं होती म्हणून. जिवंत माणसाचं नाही घासायचो. हात धजत नाही." मग जरा थांबून म्हणाला, काम तसंही अजून पुरं झालेलं नाही, चौथी ओळ आखून ठेवली आहे, तिचा मजकूर नेनी कळवणार आहे. बोसिल्काने ते ऐकलं आणि तिला वाटलं, आता आणखी कोणाला झोपवणार आहे ही बाई माझ्या शेजारी? पण विचारलं नाही. बादली उचलून ती बसथांब्याकडे निघाली.

बसमध्ये ती उभीच राहिली. जागा होती, पण बसवेना. शहर नेहमीसारखं खिडकीबाहेरून जात होतं आणि तिला ते आज ओळखीचं वाटत नव्हतं. दिवसाला पाच घरं, प्रत्येक घरी दीड तास. सकाळी नेनी, मग पुलापलीकडचा स्लोव्हाक सुतार, मग रुसीन बहिणी, मग एक निवृत्त सर्बियन मास्तर जो तिला व्याकरणावरून अजून टोकतो, आणि शेवटी एक जर्मन आडनावाचा म्हातारा, ज्याला आपण कोण आहोत तेच आता आठवत नाही. दुखतंय का, तहान लागलीय का, घाबरू नका, मी आहे, एवढं तिला या सगळ्यांच्या भाषांत म्हणता येत होतं. त्यापलीकडे एकही भाषा तिला येत नव्हती आणि लागतही नव्हती. माणूस म्हातारा झाला की एवढंच बोलणं उरतं, असं ती गमतीने म्हणायची. तिला घरोघर पाठवणाऱ्या ऑफिसचा नियम स्पष्ट होता. ज्यांची काळजी घेता त्यांच्याकडून कॉफी आणि केकचा तुकडा, यापलीकडे काहीही घ्यायचं नाही. रांका नावाच्या तिच्या सोबतिणीने एका म्हातारीचं जुनं शिवणयंत्र घेतलं आणि तिची नोकरी गेली. आज ती मंडईत अंडी विकते. शिवणयंत्रासाठी नोकरी जाते, तर कबरीतल्या जागेसाठी काय जाईल? आणि नेनीची मुलगी, इल्दिको. ती दर वर्षी शेवंतीची मोठी कुंडी घेऊन यायची, फ्रिज उघडून डब्यांवरच्या तारखा तपासायची आणि बोसिल्काचे आभार मानायची, नीट, पूर्ण वाक्यात. बुधवारी ती कुंडी ठेवायला वाकेल आणि आपल्या आईवडिलांच्या खाली तिला मोलकरणीचा हसरा चेहरा दिसेल. या बाईने म्हातारीला बोलण्यात गुंडाळलं, असंच ती म्हणेल. मी तिच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

पण नोकरी आणि इल्दिको हे वरवरचं होतं. बोसिल्काला हे ठाऊक होतं आणि म्हणूनच ती त्यांचाच विचार करत राहिली होती. खरं दुखणं त्या आडव्या रेघेत होतं. अठ्ठावीस वर्षं ती या शहरात तात्पुरती राहत होती. एकोणतिसाव्या वर्षी भावाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाद्यांवर बसून आली, तेव्हा म्हणाली होती, हिवाळ्यापुरतं. मग भावाने घर बांधलं, त्याच्या मुली शिकल्या, लग्नं झाली, आणि ती मात्र भाड्याच्या खोलीत सुटकेस पलंगाखाली ठेवून होती. कपाट घेतलं नाही. पडदे मालकिणीचेच होते. कोणी विचारलं, तुम्ही कुठल्या, तर ती अजून गावाचंच नाव सांगायची, आणि त्या गावात आता छप्पर असलेलं एकही घर नव्हतं. तरी मरायला आपण तिकडे जाणार, हे तिच्या मनात पक्कं होतं. टेकडीवर अक्रोडाखाली बाप होता, आजा होता, त्यांच्या शेजारी आईची जागा होती आणि आईच्या शेजारी आपली. त्यासाठी सुटकेस पलंगाखाली होती. आणि आता कोणीतरी ग्रॅनाइटवर कोरून ठेवलं होतं, की बाई, तू कुठेही जात नाहीस.

आई तिथे अक्रोडाखाली नव्हती. आई कुठे होती ते कोणालाच माहीत नव्हतं. पंच्याण्णव सालच्या युद्धातली ऑगस्टची सकाळ होती, गाव सोडून पळणाऱ्या ट्रॅक्टरांची रस्त्यावर रांग लागली होती, लांब कुठेतरी गडगडत होतं आणि ते पावसाचं नव्हतं. आई ट्रॉलीत चढली, चादरीवर बसली, मग उतरली. म्हणाली, गाईला तशीच तटतटलेली ठेवून कसं जाऊ, धार काढते आणि शेजारच्या मिलेच्या घोडागाडीतून मागून येते, तुम्ही व्हा पुढे. भाऊ ओरडत होता, पुतणी रडत होती, मागचे भोंगे वाजवत होते. आई फाटकातून आत गेली आणि जाताना तिने फाटकाला कडी लावली. लगेच परत यायचं असेल तर कोणी कडी लावत नाही. बोसिल्काने ती कडी पाहिली. तिला त्याच क्षणी कळलं की आई येणार नाही, आणि ट्रॉलीतून उतरायला तिला फक्त एक पाय बाहेर टाकायचा होता. ती उतरली नाही. भावाला, पाद्र्याला, बेपत्तांच्या शोधासाठी रक्ताचा नमुना घ्यायला आलेल्या बाईला तिने सगळ्यांना एकच सांगितलं, गर्दीत चुकामूक झाली. रक्त देऊनही बावीस वर्षं झाली होती, कुठल्याही हाडाशी ते जुळलं नव्हतं. देवळात मेणबत्त्यांची दोन तबकं असतात, जिवंतांचं वर, छातीच्या उंचीवर, आणि मेलेल्यांचं खाली, वाळूत. दर रविवारी ती आईची मेणबत्ती वर लावायची. आई आज पंच्याण्णव वर्षांची असती. वर लावायला वाकावं लागत नाही, म्हणून बरं पडतं, असं ती स्वतःला सांगायची.

नेनी नेहमीसारखी खिडकीशी खुर्चीत होती, मोजे काढून तयार. सोमवार हा पायांचा दिवस. लायोशकाकांचा एक पाय साखरेने गेला होता, तेव्हापासून नेनी आपल्या पायांच्या बाबतीत कुठलीही टाळाटाळ चालवून घेत नसे. बोसिल्काने कोट टांगला, घमेल्यात कोमट पाणी घेतलं, कोपर बुडवून पाहिलं, गुडघ्यांवर बसली आणि नेनीचा डावा पाय पाण्यात ठेवला. मग उजवा. नेनी तिच्या डोक्याकडे बघत होती.

"कशी दिसतेस?" नेनीने विचारलं.

बोसिल्काचे हात पाण्यातच थांबले. बसमध्ये तिने जे जे जुळवून ठेवलं होतं ते सगळं एकदम तोंडाशी आलं आणि त्यातलं निम्मंच बाहेर पडलं. नोकरी जाईल माझी. इल्दिको काय म्हणेल? लोक काय म्हणतील, की या परक्या बाईने कबरसुद्धा सोडली नाही. आणि मी ऑर्थोडॉक्स, तुमच्यात कशी मावेन? "मला विचारायचंत तरी, नेनी," ती शेवटी म्हणाली. "माणसाला विचारतात."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस. तू खुर्चीवर बसायलासुद्धा नाही म्हणतेस." नेनीने एकेक करून उत्तरं दिली, तिला घाई नव्हती. नियमात काय आहे, भेट घरी न्यायची नाही, तर ने पाहू तो दगड पिशवीत घालून. ऑर्थोडॉक्सचं म्हणशील तर लायोश आयुष्यभर कम्युनिस्ट होता, त्यालाही मी कॅथलिकांत सामावून घेतलंच. आणि ती ओळ इल्दिकोची होती हे खरं, पण इल्दिकोने उन्हाळ्यात फोनवर सांगितलं की तिला मेल्यावर जाळून घ्यायचंय आणि राख तिकडच्या कुठल्याशा डोंगरावर उडवून घ्यायचीय. "मी तिला परवा सांगून टाकलं. रडली थोडी. मग म्हणाली, बरं झालं आई, दगड धुवायला कोणीतरी राहील. मी म्हटलं, अगं वेडे, ती दगडाखाली असेल, धुणार कोण?" नेनी स्वतःच हसली. बोसिल्का हसली नाही.

"माझी जागा आहे," ती म्हणाली. "आमच्या गावात. आईशेजारी."

"कुठे आहे तुझी आई?"

हे इतक्या साध्या आवाजात आलं, की क्षणभर बोसिल्काला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. तिने वर पाहिलं. नेनीचं डोकं अजिबात फिरलेलं नव्हतं. हा प्रश्न अठ्ठावीस वर्षांत तिला कोणी असा विचारला नव्हता. लोक म्हणायचे, काही कळलं का, बातमी आली का, आशा सोडू नका. तिला नेनीचा राग आला, खरा राग, ओला पाय हातातून सोडून उठून जावं असा. आणि मग तिला फेब्रुवारी आठवला. बाहेर बर्फ होतं, हेच घमेलं होतं, नेनीची मान एका बाजूला कलली होती, तोंड उघडं होतं आणि घोरण्याचा बारीक आवाज येत होता. तेव्हा बोसिल्का त्या पायांशी बोलली होती. कडीचं सांगितलं होतं. एक पाय बाहेर टाकायचा होता, ते सांगितलं होतं. आयुष्यात एकदाच, आणि तेही ऐकणारं कोणी नाही म्हणून.

"तुम्ही झोपला होता," ती म्हणाली.

"चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजवर काढली मी," नेनी म्हणाली. "सर्बियन, हंगेरियन, जर्मन, स्लोव्हाक, सगळ्यांच्या भानगडी या कानांतून गेल्या. ऐकत नाही असं दाखवणं हीच माझी नोकरी होती, पोरी."

बोसिल्का शरमेने लाल झाली. मान वर करवेना. पाण्यात नेनीचे पाय पडले होते, पांढरे, निळ्या शिरांचे. आईचे पाय कसे होते ते तिला आठवेना, आणि ते आठवत नाही याचाच तिला अधिक धक्का बसला. नऊ वर्षं ती परक्या माणसांचे पाय धूत होती, बोटांमधली फट न् फट तिला पाठ होती, आणि आईचे पाय तिने कधी धुतलेच नव्हते. तशी वेळ आली नव्हती. तिने ती येऊ दिली नव्हती. तिला वाटलं, आता नेनी काहीतरी समजुतीचं बोलेल, तुझा काय दोष, तू तरी काय करणार होतीस, आणि तसं बोलली तर आपल्याला ते सहन होणार नाही. पण नेनी तसं काही बोलली नाही. उशीखाली हात घालून तिने विजेच्या बिलाचं एक पाकीट आणि पेन्सिलचा तुकडा काढला. पाकिटाच्या मागच्या बाजूला थरथरत्या अक्षरांत काहीतरी आधीच लिहिलेलं होतं.

"ओंद्रेय माझ्यासाठी थांबलाय," ती म्हणाली. "चार ओळींचा दगड आहे आमचा. तीन भरल्या. चौथीचं नाव मी लिहिलंय, तुझ्या आईचं, येका ओपाचिच, बरोबर ना? सालं मला ठाऊक नाहीत. त्या दिवशी तू ती सांगितली नाहीस."

बोसिल्काला काही वेळ अर्थच लागला नाही. मग खडूच्या त्या दोन समांतर रेषा डोळ्यांपुढे आल्या, तिच्या स्वतःच्या नावाच्या खाली, अगदी चिकटून.

"ती तिथे नाहीये, नेनी," ती कशीबशी म्हणाली. "तिथे काहीच नसेल तिचं."

"लायोश तरी कुठे सगळा आहे तिथे? एक पाय त्याचा इस्पितळातच राहिला. दगडाला कोण विचारतं?" नेनीने पाकीट गुडघ्यावर सपाट केलं. "जन्म?"

"अठ्ठावीस," बोसिल्का म्हणाली.

नेनीने १९२८ लिहिलं. आठचा आकडा जमला नाही, तो पुन्हा गिरवला. मग आडवी रेघ काढली, पेन्सिलीचं टोक रेघेच्या शेवटी टेकवलं आणि थांबली. स्वयंपाकघरात सूपवरचं झाकण हलत होतं. खाली कोणीतरी हंगेरियनमध्ये मुलाला हाका मारत होतं आणि मूल सर्बियनमध्ये आलो आलो म्हणत होतं. बोसिल्काला बेपत्ता माणसांचे सगळे फॉर्म आठवले, दरवर्षीचे, दर ऑफिसातले. शेवटचं पाहिल्याची तारीख, एवढाच रकाना त्यांत असायचा आणि तो ती न चुकता भरायची. हा दुसरा रकाना कोणत्याही कागदावर नव्हता. तिथे काहीच सांगितलं नाही तर चालेल का? रेघ तशीच राहू दे म्हणावं, माझ्यासारखी, तुमच्यासारखी, मोकळी. नेनी हो म्हणाली असती. पण मग दगडावर तीन मोकळ्या रेघा राहतील, दोघी जिवंत बायकांच्या आणि एक आईची, आणि दर महिन्याला दगड धुताना तिला त्या रेघेपुढची ती गुळगुळीत जागा हाताने पुसावी लागेल.

"आणि?" नेनीने विचारलं.

"पंच्याण्णव," बोसिल्का म्हणाली.

रोज रक्तदाबाचे आकडे सांगायची तसाच आवाज निघाला, याचं तिला आश्चर्य वाटलं. नेनीने लिहिलं, पाकीट घडी करून कोटाच्या खिशात घाल म्हणाली, आणि बोसिल्काने हात पुसून ते घातलं. मग ती पुन्हा घमेल्याशी बसली आणि टॉवेल मांडीवर घेऊन नेनीचा एक पाय टिपू लागली, बोटांमधून, टाचेखालून, नेहमीपेक्षा कितीतरी वेळ. टॉवेलवर थेंब पडत होते आणि ते पायावरचे नव्हते. नेनी खिडकीबाहेर पाहत होती, काहीच ऐकू येत नसल्यासारखी.

"पाणी गार झालं, नेनी," बोसिल्का म्हणाली. "बदलून आणते." ती घमेलं उचलून मोरीत गेली, नळ सोडला आणि पाणी कोमट होईपर्यंत हात धरून उभी राहिली. येत्या रविवारी देवळात तिला खाली वाकावं लागणार होतं.